झरीचं गवत, वाढवणचं बंदर

मुंबई आणि सुरत रेल्वेनं जोडली गेली १८६४ साली, आणि डहाणूच्या जंगलाला घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं. लाकूड तर होतंच, पण त्याच्या जोडीला गवतही होतं. आज याचं नवल वाटेल. मुंबईत टांग्यांचे घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी होत्या तोवर मात्र गवत हा चांगलाच मोठा धंदा होता. जमीनदार माळावर गवत राखायचा, वारली आदिवासी ते कापायचा, दाबून गासड्या बांधल्या जायच्या आणि वॅगनी भरून मुंबईला रवाना व्हायच्या. रेल्वेनं डहाणूला बाजाराशी जोडलं, यात शंका नाही. पण जोडला गेला तो जमीनदार. कापणाऱ्याचा बाजाराशी संबंध विळ्यापुरताच राहिला.

रस्ते, रेल्वे, वीज, बंदर आलं की गरिबी हटते, हे या भागाला फार दिवसांपासून सांगितलं जातंय. रेल्वेनंतर शेजारी तारापूरची अणुवीज आली (१९६९), मुंबई-अहमदाबाद महामार्ग आला, सूर्या नदीवर धामणीचं धरण झालं, डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं (१९९५). आता द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, बुलेट ट्रेन आणि वाढवणचं बंदर. एखाद्या छोट्या देशाची वाटावी अशी यादी आहे ही. तरीही पावसाळा सरला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची तरुण मुलं गुजरातच्या बोटींवर जातात, आणि दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात.

परकी सत्ता गेल्यावर एखादा गरीब देश झपाट्यानं वर कसा येतो, याची चर्चा बहुधा फार उंचावरून होते. व्याजदर, परकी गुंतवणूक, विकासदर. तोच प्रश्न तलासरीच्या वरकस जमिनीवर उतरवला तर एक गोष्ट लख्ख दिसते. जे देश खरोखर वर आले, तिथेही याच गोष्टी आल्या होत्या. फक्त त्यांचा क्रम वेगळा होता.

१९४५

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपान हरला आणि त्याच्या दोन वसाहती सुटल्या. तैवान ५० वर्षं जपानच्या ताब्यात होतं, कोरिया ३५. दोन्हीकडे शेतकरी बहुतेक कूळ, आणि पिकाचा साधारण अर्धा वाटा मालकाच्या कोठारात.

त्याच वर्षी २३ मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात होतं. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं होतं, त्याला इथले काही वारली जाऊन आले होते. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागोमाग इकडे आले. झरीला जे ठरलं ते आज वाचताना अगदी किरकोळ वाटतं: जमीनदाराची वेठ करायची नाही, आणि १२ आणे रोज मिळाल्याशिवाय कामाला जायचं नाही.

किरकोळ का नव्हतं ते कळायला लग्नगडी म्हणजे काय हे माहीत पाहिजे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. फेडीचा हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा पाड्यावर कुणी नाही. पावसाळ्यात पोटाला काढलेली खावटी कापणीनंतर वाढीदिढीनं परत करायची. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिशीच्या दशकाच्या अखेरीस हे सगळं सरकारी अहवालात लिहून ठेवलं होतं. सरकारला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

पावसाळा संपला तसा प्रश्न गवतावर आला. मागणी होती ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर गवत. हा आकडा मला नेहमी थांबवतो, कारण ही दयेची याचना नव्हती. गासडी वजनावर विकली जाते, तर मग कापणंही वजनावर मोजा, असा तो रोखठोक सौदा होता. ज्यांना अडाणी म्हणून हिणवलं जायचं त्यांनी बाजाराचं माप बरोबर ओळखलं होतं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. तरी गवतकापणीचा संप टिकला, मजुरी वाढली, आणि लग्नगडी ही पद्धत पुन्हा उभी राहू शकली नाही. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा काळ लिहिला. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तर १९४५ साली कोरिया, तैवान आणि झरी अशी तिघं जवळपास एकाच रेघेवर उभी होती. पुढे काय झालं?

आधी जमीन

तैवाननं १९४९ मध्ये खंडाला साडेसदतीस टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. १९५१ मध्ये सरकारी जमिनी कुळांना विकल्या. १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन: मालकानं साधारण तीन हेक्टर भातशेती ठेवायची, बाकीची कुळाकडे. मालकांना मोबदला दिला तो तांदूळ आणि रताळ्यांच्या भावाशी बांधलेल्या रोख्यांत, आणि थोडा सरकारी कारखान्यांच्या शेअरमध्ये. हे शेअर म्हणजे चलाख खेळी होती. कालचा जमीनदार उद्या कारखान्याचा भागधारक झाला आणि जमिनीवरून त्याचं लक्ष उडालं. दक्षिण कोरियानं १९५० च्या सुमारास तसंच केलं, तिथेही मर्यादा साधारण तीन हेक्टरचीच.

याचा झपाट्याच्या वाढीशी संबंध काय? अर्धं पीक दुसऱ्याला जाणार असेल तर बांध घालायला, खत टाकायला, दुसरं पीक घ्यायला कुणाचे हात शिवशिवत नाहीत. शेत स्वतःचं झालं की तोच माणूस पहाटे उठतो. पीक वाढलं की घरात थोडा पैसा राहतो, त्या पैशातून सायकल, कापड, रेडिओ, पंप घेतला जातो, आणि देशातल्या कारखान्याला पहिलं गिऱ्हाईक गावातच मिळतं. मुलगी गुरांमागे जायची ती शाळेत जाते. पंधरा वर्षांनी तीच कारखान्याच्या दारात उभी असते, आणि पडेल त्या मजुरीला तिला जावं लागत नाही, कारण घरी शेत आहे.

साठीच्या दशकात तैवानचे छोटे शेतकरी डबाबंद अळंबी आणि शतावरीचे कोंब जगाला विकत होते. अळंबी शेडमध्ये, एवढ्याशा जागेत होते आणि नासते लवकर, म्हणून डब्यात भरणारा कारखाना गावाजवळच लागतो. शेती आणि उद्योग यांच्यातला पूल तिथे बांधला गेला. चिकूचं बोलताना हे पुन्हा लागेल.

सातबाऱ्यावर कोण

आपल्याकडे कायदा झाला नाही असं नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळं मालक झाली. ज्या गावांत लाल बावट्याची संघटना जागी होती तिथे तलाठ्याच्या दप्तरात कुळाचं नाव चढलं. तलासरीत आजही त्या झेंड्याला मतं का पडतात, याचं निम्मं उत्तर जुन्या सातबाऱ्यांत सापडेल.

पण काम अर्धं राहिलं. भातखाचरावर कूळ दाखवता येतं. गवताच्या माळावर कूळ कुठून दाखवणार? तिथे पेरणीच नाही. सीमेपलीकडच्या पारडी तालुक्यात याच गोष्टीवरून १९५३ साली ईश्वरभाई देसाईंच्या पुढाकारानं सत्याग्रह सुरू झाला: गवताऐवजी धान्य पिकवू द्या, एवढंच मागणं. मिटायला चौदा वर्षं लागली. दुसरा मोठा भाग जंगलखात्याचा. तिथे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांना एकसाली प्लॉट मिळाले, म्हणजे नावाप्रमाणे एका वर्षाच्या बोलीवर. एका वर्षाच्या जमिनीत विहीर कोण खणेल? २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि त्यानंतरही दावे लोंबकळत पडले म्हणून मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले. वनपट्टा मिळाला तरी कसलेल्या जमिनीपेक्षा कागदावरचं क्षेत्र कमी, ही तक्रार तुम्हाला पाड्यापाड्यावर ऐकू येईल.

तिसरी गोष्ट पाण्याची. इथे पाऊस धो धो पडतो, भात आणि नागली निघते, आणि मग जमीन मे महिन्यापर्यंत मोकळी. सूर्या प्रकल्पाचं पाणी शेतीसाठी होतं, आता त्यातलं बरंचसं वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. शहरानं तहानलेलं राहावं असं कुणीच म्हणणार नाही. पण उन्हाळी पीक नाही म्हणून माणूस वीटभट्टीवर जातो, आणि त्या विटांची घरं वसई-विरारकडेच उभी राहतात, हे लक्षात घेतलं की पाणी आणि मजूर एकाच वाटेनं का वाहतात ते समजतं.

चिकू

डहाणू-घोलवडचा चिकू, त्यातला कालीपत्ती वाण, ही इथल्या शेतीतली सर्वांत यशस्वी गोष्ट. इराणी-पारशी बागायतदारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेल्या बागा आज मराठी, गुजराती आणि काही आदिवासी शेतकऱ्यांकडेही आहेत. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

फळ तोडल्यावर चार-सहा दिवसांत पिकतं. जास्त थंडीत ठेवलं तर ते आतून बिघडतं, नीट पिकतच नाही. त्यामुळे सफरचंदासारखं शीतगृहात कोंबून भाव येईपर्यंत थांबता येत नाही. दिल्ली आणि गुजरातच्या बाजाराचा फोन येईल तो भाव. म्हणजे गाठ पुन्हा तैवानच्या अळंबीशी आली: नासणारं फळ, छोटे बागायतदार, जवळ कारखाना हवा. महिला बचतगट चिकूचे चिप्स आणि भुकटी करतात, बोर्डीकडे चिकूची वाईनही होते. हौसेच्या पलीकडे गेलेले हे प्रयत्न आहेत. पण बागेतून निघणाऱ्या मालाच्या मानानं ही प्रक्रिया अजून चिमूटभर, आणि गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या आराखड्यात चिकूचा कारखाना मध्यभागी ठेवलेला मी पाहिला नाही.

मोठी यंत्रं, थोडे हात

वीजकेंद्र, अणुभट्टी, द्रुतगती मार्ग यांचं एक वैशिष्ट्य असतं: बांधताना हजारो माणसं लागतात, चालवताना थोडी, आणि ती शिकलेली. डहाणूच्या केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ५०८ किलोमीटरची बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून धावेल, थांबेल मात्र बोईसरला आणि नंतर थेट वापीला.

वापीचं नाव आलं, तर तिथली गोष्टही सांगायला हवी. वापी, उंबरगाव, सिल्वासा: तलासरीच्या चहूबाजूंना कारखाने. सिल्वासा तर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, आणि नंतर करसवलतींच्या जोरावर तिथे गिरण्या-कारखान्यांची रांग लागली. दादरा-नगर हवेलीच्या आदिवासींतही वारलीच बहुसंख्य. पण करसवलतीसाठी आलेला कारखाना कामगार तयार करत बसत नाही. तो तयार कामगार उत्तरेतून आणतो. तलासरीहून सकाळी टेम्पोत उभं राहून जाणाऱ्या पोराच्या वाट्याला येते ती ठेकेदाराकडची रोजंदारी, हमालीची किंवा पॅकिंगची. कारखाना शेजारी असणं आणि कारखान्यात असणं यात एवढं अंतर पडतं.

बोटींचं तर विचारूच नका. ओखा-पोरबंदरच्या बोटींवर डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी असतात. बोट नकळत सागरी हद्द ओलांडते आणि इथल्या पाड्यावरचा माणूस कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतो. दरवर्षी एखादी तरी बातमी येते.

चिंचणीचे डाय

डहाणू तालुक्याला केंद्र सरकारनं २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केलं. उद्योगांसाठी साऱ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या बंधनामुळे डहाणू मागे राहिलं, असं डहाणू रोडच्या बाजारात अनेक व्यापारी सांगतात. मला हे अर्धंच पटतं. बंधनामुळे बागा आणि समुद्र वाचले, आणि सिल्वासाचं उदाहरण पाहिल्यावर बंधन नसतं तर वारली मालक झाला असता असं म्हणवत नाही. मात्र नको त्या उद्योगाला 'नाही' म्हणणारी संस्था आपण उभी केली आणि हव्या त्या उद्योगाला 'हो' म्हणून बळ देणारी संस्था उभी केलीच नाही, ही खरी उणीव.

हवे ते उद्योग नव्हते असं नाही. डहाणूत रबरी फुग्यांचे कारखाने होते. आणि चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात घरोघर डायमेकिंग चालतं. दागिन्यांवरची नक्षी उठवायला पोलादाचा ठोकळा लागतो, त्यात नक्षी उलटी कोरलेली असते. सोन्याचा, चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाब दिला की पान, फूल, मोर वर येतो. कारागीर ओटीवर दिव्याखाली बसून कोरणीनं केसाएवढ्या रेघा काढतो. एक चुकीचा घाव आणि ठोकळा वाया. घरचं भात, वाडीतली भाजी आणि ओटीवरचा डाय, असा तिहेरी संसार या गावांचा.

साच्याचं काम हा साऱ्या यंत्रोद्योगाचा पाया आहे. बटण असो की मोटारीचा दिवा, आधी साचा लागतो. तैवानची भरभराट अशाच घराच्या मागच्या खोलीतल्या कारखान्यांनी केली, ज्यांना शेतकी सोसायटीचं कर्ज, वीज आणि परदेशी गिऱ्हाईक एकाच वेळी मिळालं. आपल्या डायमेकरला यातलं काय मिळालं? यंत्रावर कोरलेले डाय स्पर्धेला आले तेव्हा नवं यंत्र घ्यायला कर्ज, ते चालवायला प्रशिक्षण, दागिन्यांपलीकडच्या साच्यांची ऑर्डर, यांची सोय कुणी लावून दिली नाही. चिंचणीची गोष्ट इथेच अडकून आहे.

मॉरिशसमधले मराठी

कोरिया-तैवानचं नाव घेतलं की कुणीतरी म्हणतंच, तिथे दंडुका होता. खरं आहे. तैवानमध्ये १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता, कोरियात कामगार संघटना चिरडल्या गेल्या, आणि शीतयुद्धामुळे अमेरिकेनं पैसा आणि बाजारपेठ दोन्ही उघडी ठेवली. तैवानमध्ये जमिनी वाटणारं सरकार मुख्य भूमीवरून आलेलं होतं, स्थानिक जमीनदार त्यांचे कुणी नव्हते. दुसऱ्याच्या जमिनी वाटायला कुणाचंच मन कचरत नाही. आपल्याकडे कायदा करणारे आणि जमिनीचे मालक अनेकदा एकाच पंगतीत जेवत होते.

म्हणून मॉरिशसचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले जायला लागले १८३४ पासून. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी होते. त्यांचे वंशज आज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं (पुढे त्यांना नोबेल मिळालं) या बेटाचं भवितव्य अंधारलेलं दाखवलं: एकच पीक, वाढती लोकसंख्या, अनेक वंशांची माणसं. १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झालं आणि लोकशाही न सोडता त्यानं मीडना खोटं पाडलं.

१९७० च्या कायद्यानं मॉरिशसनं निर्यात उद्योगांना सवलती दिल्या, पण कुंपण घातलेला प्रदेश आखला नाही. बेटावर कुठेही कारखाना काढा, माल बाहेर पाठवा, सवलत घ्या. त्यामुळे कपड्यांचे कारखाने गावात गेले आणि मळ्यावर राबलेल्यांच्या मुली घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कामाला लागल्या. युरोपला साखर चढ्या भावानं विकून आलेला पैसा या कारखान्यांत गुंतला. आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट.

आपण कांडल्याला १९६५ मध्ये आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र काढलं होतं. पुढच्याच वर्षी तैवाननं काऊशुंगला काढलं. त्यांचं थोड्याच वर्षांत भरभरून चालू लागलं, आपलं परवाने आणि कुंपणात अडकलं. काऊशुंगचं क्षेत्र ज्या जमिनीवर उभं राहिलं ती बंदराचा गाळ काढून भरावानं तयार केलेली होती, हे वाढवणच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं.

कुरणावरची शाळा

१९४५ या सालाचं आणखी एक देणं आहे. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरांमागे असतात, आणि मुली येत नाहीत कारण कडेवर धाकटं भावंड असतं, हे या दोघींना लगेच उमगलं. मग शाळाच कुरणावर नेली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एका छताखाली आणली. अंगणवाडीची कल्पना इथे आकाराला आली. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तेच नाव खेडोपाडी पोचलं.

कोरियात १९४५ साली चारातल्या तिघांहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि एका पिढीत ते चित्र पालटलं. शाळेची उत्तम पद्धत कोसबाडला सापडली होती. कोरियाकडे ती नव्हती, तिथे वर्गात सत्तर-ऐंशी मुलं कोंबलेली असायची. फरक असा की त्यांनी सामान्य शाळा सगळ्यांना दिली, आपण असामान्य शाळेचं कौतुक केलं.

वाढवण

आता बंदर. पी अँड ओ कंपनीचा पहिला प्रस्ताव डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये नाकारला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं, नव्या अध्यक्षांखाली, अटींसह परवानगी दिली. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, वर्षाला दोन कोटींहून अधिक कंटेनरांची क्षमता. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर खोली असल्यानं जगातली सर्वांत मोठी जहाजं इथे लागू शकतात; अशी जागा देशात फार थोडी.

मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो भावनेचा नाही. भराव पडेल तिथे माशांची पैदास होते, डोल जाळी लागतात. कंटेनर जहाजांच्या मार्गात छोट्या होड्या चालत नाहीत. देशाला खोल बंदर हवं, हेही खरं. दोन्ही खरं असताना हिशेब एवढाच उरतो की नुकसान कुणाचं, भरपाई किती, आणि फायद्यात वाटा कुणाचा.

कंटेनर बंदर म्हणजे मोठी क्रेन, संगणक आणि थोडी माणसं. कोलंबो किंवा सिंगापूरचं आधुनिक टर्मिनल पाहिलं तर धक्क्यावर माणूस शोधावा लागतो. बारा लाख रोजगारांचा आकडा सांगितला जातो, तो बंदराच्या फाटकाबाहेर काय उभं राहतं यावर अवलंबून आहे. तिथे नुसत्या गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या तर ठेकेदार आणि टेम्पो वाढतील. डायमेकरला साचेघराचा गाळा, चिकूला प्रक्रिया केंद्र, मासळीला थंड कंटेनरांचा तळ, आणि गावातल्या छोट्या युनिटलाही मॉरिशससारखी निर्यातीची सवलत, अशी मागणी ग्रामसभांच्या ठरावांत आजवर क्वचित दिसते. ठराव बहुतेक 'बंदर नको' किंवा 'नोकऱ्या द्या' एवढेच असतात. झरीनंतरच्या संपात वारल्यांनी गवताचा दर पौंडात मागितला होता, तसा नेमकेपणा इथे हवा.

उरणचा अनुभव

त्यासाठी लांब जायला नको. न्हावा-शेवा बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं सूत्र आलं: संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. मोबदल्याची रक्कम लग्नात आणि मोटारसायकलीत संपते, भूखंड मात्र शहर वाढतं तसा वाढतो. सूत्र उत्तम होतं. पण बंदर प्रकल्पग्रस्तांच्या हातात ते भूखंड पडायला दशकं गेली, आणि तोवर अनेकांनी नुसते हक्क दलालांना विकून टाकले होते.

वाढवणला पुष्कळसा भाग समुद्रात भराव टाकून होणार, म्हणजे जिथे सातबारा नाहीच. मच्छीमाराचा समुद्र कुठल्याच दप्तरात त्याच्या नावावर नाही. गवताच्या माळावर जी अडचण होती तीच ही. भरावावर उभ्या राहणाऱ्या जमिनीत किनाऱ्यावरच्या सहकारी सोसायट्यांना टक्केवारीनं वाटा द्यायचा की नाही, हे पहिलं जहाज लागण्याआधी कागदावर यावं लागेल. पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस पुरा करायचं नियोजन आहे. क्रेन चालवायला, विजेची दुरुस्ती करायला, सीमाशुल्काची कागदपत्रं भरायला जी पोरं लागतील ती आत्ता तलासरी-डहाणूच्या आश्रमशाळांत आठवी-नववीला आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच शाळांत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांच्या जागा भरण्यापासून सुरुवात आहे.